तोंड भिंतीकडे

वाईला आल्यावर पहिल्या आठवड्यात प्रमोदिनीने टोपलीभर मोसंबी टोचून वाया घालवली. मोसंबीच्या सालीतून सुई आत शिरताना बोटांना जे कळते, तेच माणसाच्या कातडीतून शिरताना कळते, असे तिला मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात विशीच्या आत शिकवले गेले होते. बोटांनी ते मधल्या काळात विसरून टाकले होते. प्रसूतिगृहाच्या मागच्या खोलीत, उकळून गार केलेली काचेची सिरिंज हातात धरून ती दुपारभर बसे. मोसंबीत पाणी भरी, पुन्हा दुसरी घेई. आयाचे काम करणारी सुलाबाई ती टोचलेली फळे पदरात बांधून घरी नेई.

"आमची पोरं आता आजारी पडायची न्हाईत," ती म्हणे. "समदी इंजेक्शनं खाऊन बसल्यात."

चौऱ्याहत्तर सालचा फाल्गुन होता. शिवारात हळद शिजत होती आणि तिचा उग्र, ओलसर वास गावावर दिवसभर तरंगत असे. हाच वास सांगलीतही याच दिवसांत नाटकगृहाच्या मागच्या दारातून आत येई. डोळे मिटले की आपण कोणत्या गावात आहोत हे प्रमोदिनीला क्षणभर कळत नसे. मग कुठेतरी तान्हे मूल रडे, आणि गाव ठरे.

मिरजेला परिचारिका आणि सुईणीचे शिक्षण पुरे करून ती दोनच वर्षे त्या कामात टिकली होती. सांगलीच्या एका नाटक मंडळीला गाणारी नायिका हवी होती, आणि प्रमोदिनीचा गळा तेव्हा असा होता, की वॉर्डातल्या बायका रात्रीच्या औषधाऐवजी तिचे एक पद मागत. ती गेली. पंधरा वर्षे ती राजकन्या झाली, विरहिणी झाली, कुणाची बहीण, कुणाची पत्नी झाली. मग एका प्रयोगात, तिसऱ्या अंकातल्या पदात, वरचा सूर आलाच नाही. तिने तो घेतल्याचा नुसता आव आणला. हात किंचित वर, मान मागे, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर सुराला स्पर्श झाल्याचे अपार समाधान. जो सूर तिने लावला नाही तो लोकांनी आपल्या आठवणीतून आपणच भरून घेतला आणि 'वन्समोअर' दिला.

विंगेत बसून संहिता पुढे धरणारे प्रॉम्प्टर विष्णुपंत तेवढे पडदा पडल्यावर तिच्या जवळ आले होते. पंधरा वर्षे विसरलेली प्रत्येक ओळ त्यांनी तिला कुजबुजून पुरवली होती.

"शब्द असता तर दिला असता, प्रमोदिनीबाई," ते म्हणाले. "सूर कुठून देऊ?"

ते वाक्य तिला लागले नाही. लागल्या त्या टाळ्या. मिळालेल्या नसत्या तर ती कदाचित राहिलीही असती. काही न करता टाळी मिळते हे एकदा कळले, की त्यानंतरची प्रत्येक टाळी संशयित होते. तिने मंडळी सोडली आणि साताऱ्याला भावाकडे आली. गंगाधरच्या घरी तिला कुणी काही बोलले नाही. पण वहिनी तिचा चहा पाहुण्यांच्या कपातून देत राहिली, महिने लोटले तरी. शेवटी गंगाधरनेच वाईच्या डॉक्टर अनसूया प्रभुणे यांच्याकडे शब्द टाकला.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, बुटक्या, कमी बोलणाऱ्या. जुने प्रमाणपत्र त्यांनी पाहून परत दिले.

"हे पूर्वीचं झालं. हात किती गंजलाय ते मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नसेल. महिनाभर पाहू. जमलं तर राहा. नाही जमलं तर मी तसं स्पष्ट सांगेन."

प्रमोदिनीला साताऱ्याच्या त्या पाहुण्यांच्या कपाकडे परत जायचे नव्हते. या महिन्यापलीकडे तिच्यापुढे दुसरे दारही नव्हते.

हात हळूहळू आठवू लागले. गाठ मारणे आठवले, चादरीचे कोपरे दुमडणे आठवले, नाडी मोजताना ओठ न हलवणे आठवले. पण या परत येणाऱ्या विद्येच्या पुढे पुढे, तिच्या आधी दारात जाऊन उभी राहणारी दुसरीच एक गोष्ट होती. सुई धरताना बोटे थरथरत, पण चेहरा थरथरत नसे. रुग्णांच्या खाटेशी ती गेली की पावलांची गती आपोआप ठरे, मान कलायची तितकीच कले, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल इतका पण जवळच्याला मोठा न वाटेल असा निघे. पांढरे लुगडे तिला एखाद्या भूमिकेसारखे बसले होते. बायका तिच्यावर विसंबू लागल्या. डॉक्टरीणबाईंपेक्षा या नव्या सिस्टरना जास्त कळते, असेही कुणी कुणी म्हणू लागले. सुलाबाईने एका यात्रेत तिचे नाटक पाहिले होते. ती म्हणे, "बाई, तवा तुमी रडलात तशी आमची सासू मेल्यावर मी बी रडले न्हाई."

प्रमोदिनी हसे, पण खोलीत परतल्यावर स्वतःच्या चेहऱ्याची तिला थोडी भीती वाटे. तो तिच्या आधी शिकून बसला होता.

त्या दिवशी बाजार होता. डॉक्टरीणबाई आतल्या खोलीत एका अडलेल्या बाळंतिणीपाशी सकाळपासून गुंतल्या होत्या. बाहेर बाकावर हरणाबाई नावाची एक तरुण बाई सासूला घेऊन बसली होती. रायरेश्वराच्या पायथ्याच्या एका वाडीतून एसटीने आलेल्या. हरणाबाईचा नवरा फौजेत, जम्मूकडे. दिवस भरत आलेले. पहिले मूल घरीच झाले होते आणि रडले नव्हते.

"पयलं थंड निघालं, बाई," सासू साळूबाई म्हणाली. हे तिने जागा पुसून बसावे इतक्या सहजपणे सांगितले आणि मग तोंडाला पदर लावला. "हे तरी हाय का न्हाई, येवढं बघा. चार रोज झालं, हिला वाटतंय हालत न्हाई."

"हालतंय," हरणाबाई पुटपुटली. "पर कमी."

डॉक्टरीणबाईंनी आतूनच सांगितले, "ठोके ऐकून ठेवा. मला वेळ लागेल."

प्रमोदिनीने हरणाबाईला खाटेवर निजवले. ॲल्युमिनियमची, कर्ण्यासारख्या तोंडाची, मुलाचे ठोके ऐकायची लहान नळी हातात घेतली. वाडीवस्तीच्या बायका तिला पिपाणी म्हणत. नळी लावण्याआधी दोन्ही हातांनी पोट चाचपून मूल कसे निजले आहे ते पाहायचे असते. हे तिला आठवत होते. पण चाचपणाऱ्या हातांना काय लागते हे आठवत नव्हते. आणि दोन जोडी डोळ्यांसमोर हात अडखळलेले दिसावेत, हे तिला नको होते. तिने ती पायरी गाळली. बेंबीच्या खाली, डावीकडे, जिथे बहुतेक वेळा असतात तिथे नळी टेकवून तिने कान लावला.

आत एक विस्तीर्ण काळोख होता. पाण्याची गुरगुर, आतड्यांची हालचाल, आणि एक मंद, ओळखीचे धपधप. ते आपल्याच कानातले रक्त आहे हे तिला लगेच कळले. तिने नळी थोडी सरकवली. पुन्हा तेच. मिरजेला असताना तिला हा आवाज चटकन सापडे. उशीखाली ठेवलेल्या घड्याळासारखा, दुरून धावत येणारा, आईच्या लयीशी काहीही देणेघेणे नसलेला. पंधरा वर्षे ऑर्गनच्या पट्टीला जुळवून घेतलेला तिचा कान आता त्या काळोखात सूर शोधत होता. तिथे सूर नव्हता.

तिने डोळे वर केले. हरणाबाई तिच्याकडे पाहत होती. ते पाहणे प्रमोदिनीला पुरते परिचित होते. अंधारातून शेकडो माणसे असेच पाहतात. पुढे काय होणार ते तुझ्या चेहऱ्यावर लिहिलेले आहे, ते आम्हाला दे, असे.

आणि चेहऱ्याने दिले. भुवया सैल झाल्या, ओठांच्या कडेने हसू सावकाश पसरले, मान समाधानाने हलली, पापण्या क्षणभर मिटल्या. प्रमोदिनीने ठरवले नव्हते. ते आपोआप घडले.

"छान आहे," ती म्हणाली.

हरणाबाईच्या घशातून हुंदका आणि हसू एकदमच आले. साळूबाईने औंधच्या यमाईला तिथूनच हात जोडले, सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "चल गं. दुपारची गाडी गावंल." बाजारातल्या दोन पिशव्या उचलून, उन्हात डोळे बारीक करीत, त्या दोघी गेल्या.

प्रमोदिनी नळी धुऊ लागली. पाणी तिच्या पोकळीतून वाहून मोरीत पडत होते. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आले, की नळी केव्हाच स्वच्छ झाली आहे आणि आपण अजून धूतच आहोत.

तो सूर लागला नव्हता. पुन्हा एकदा टाळी मात्र मिळाली होती.

बहुतेक मुले बरीच असतात, तिने मनाशी म्हटले. हालतंय असे ती स्वतःच म्हणाली. कळा सुरू झाल्या की त्या इथे येतीलच. आणि हे आता कुणाला सांगायचे म्हणजे डॉक्टरीणबाईंना सांगणे आले. म्हणजे महिना इथेच संपला. तिने प्रत्येक कारण नीट मांडून पाहिले. प्रत्येक कारण चांगले होते, आणि प्रत्येकाच्या मागे ती पदर तोंडाला लावलेली म्हातारी बसली होती. या खेळाला विंग नव्हती. चुकल्यावर जिकडे बघायचे त्या अंधारात कुणी विष्णुपंत बसलेले नव्हते. वाडीला निघालेल्या त्या पोटात एक जीव होता किंवा नव्हता, आणि ते प्रमोदिनीला माहीत नव्हते. एवढीच एक गोष्ट तिला नक्की माहीत होती.

"सुलाबाई, इथं थांबा," ती म्हणाली आणि पांढऱ्या लुगड्यातच रस्त्यावर उतरली.

बाजाराच्या गर्दीतून चालताना तिला पहिल्यांदाच आपल्या पावलांची गती ठरवता आली नाही. मिरच्यांच्या ढिगाऱ्यांना वळसा घालीत, बैलगाडीच्या जुवाखालून वाकून, ती स्टँडवर पोचली तेव्हा गाडी सुरू होऊन थरथरत उभी होती. कंडक्टर दोरीला हात घालून दारात होता.

"हरणाबाई," ती खिडकीखाली उभी राहून म्हणाली. "खाली उतर."

साळूबाईने खिडकीतून तोंड काढले. "का वं? काय राहिलं?"

"पुन्हा तपासायला हवं."

"मगाशी बघितलं की. तुमी हसलात. छान हाय म्हनलात."

गाडीतली माणसे वळून पाहू लागली होती. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, "आरं, ही ती नाटकातली बाई न्हवं का? त्या खेळात इख पिऊन मरती ती?" कुणी हसले. प्रमोदिनीच्या चेहऱ्याने पुन्हा हालचाल केली. धीर देणारे, सारे काही ठीक आहे असे सांगणारे हसू तयारच होते. तिने ते येऊ दिले नाही. त्या जागी काय ठेवायचे ते तिला ठाऊक नव्हते, म्हणून चेहरा तसाच उघडा राहिला.

"ते हसणं खरं नव्हतं," ती म्हणाली. "मला ठोके ऐकू आले नाहीत. तुमच्या सुनेला वाईट वाटू नये, आणि मला काही येत नाही हे दिसू नये, म्हणून मी तसं म्हटलं."

साळूबाईचे तोंड हळूहळू घट्ट झाले. हरणाबाईने दोन्ही हात पोटावर ठेवले.

"म्हंजी न्हाई का त्ये?" तिने विचारले.

"मला माहीत नाही," प्रमोदिनी म्हणाली. असे तीन शब्द आपण कधी कुणासमोर उच्चारले होते, हे तिला आठवेना. "डॉक्टरीणबाईंना कळेल. चल."

"बाई, गाडी सुटतीय," कंडक्टर म्हणाला. "काय ते ठरवा लौकर. ह्यो नाटकाचा पडदा न्हाई, वढला की पडाया."

"थांब रं जरा," साळूबाई त्याच्यावर खेकसली. "तुझ्या आईनं तुला डेपोत न्हाई काढलं." आणि पिशव्या खाली देत, प्रमोदिनीकडे न पाहता, ती सुनेला हात देऊन उतरली. वाटेत ती एकच वाक्य बोलली. "खोटं बोलायचं व्हतं तर तोंडावर तरी दिसू द्यायचं, बाई. आमी त्यावर इस्वास ठिवला."

डॉक्टरीणबाई तोवर बाहेर येऊन हात धूत होत्या. आत नवे मूल रडत होते. प्रमोदिनीने साळूबाईसमोरच सारे सांगितले. आधी काय केले नाही, मग काय ऐकले नाही, मग काय म्हटले. डॉक्टरीणबाईंनी हात कोरडे केले. चेहऱ्यावर राग दिसला नाही. दिसला असता तर सोपे गेले असते.

"निजवा तिला."

त्यांनी पोटावर हात ठेवले, डोळे छताकडे लावून काही वेळ चाचपले, आणि मग प्रमोदिनीचा हात धरून बरगड्यांच्या खाली, वरच्या बाजूला नेऊन दाबला.

"काय लागतंय?"

प्रमोदिनीने डोळे मिटले. हाताखाली काहीतरी होते; दाबले की किंचित सरकणारे, पुन्हा जागेवर येणारे. आणि अकस्मात, कुठल्यातरी फार जुन्या वॉर्डातून, बोटांना ते आठवले. "कठीण आहे. गोल."

"डोकं. वर आहे. मूल पायाळू आहे. तुम्ही खाली ऐकत होता, आणि ते इथं बसलंय." त्यांनी नळी बेंबीच्या वर टेकवली आणि कान लावला. साळूबाईच्या बांगड्यासुद्धा वाजल्या नाहीत.

"आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चांगले आहेत. पण ही आता घरी जायची नाही. पायाळू मूल वाडीवर अडलं असतं तर कुणाच्या हाती काही राहिलं नसतं. कळा येईपर्यंत इथंच राहील."

साळूबाई भिंतीला टेकून खाली बसली. हरणाबाई रडत होती आणि या वेळी कुणी तिला थांबवले नाही.

प्रमोदिनी आपले सामान आवरायला मागच्या खोलीत गेली. सामान फार नव्हते. डॉक्टरीणबाई दारात आल्या तेव्हा ती पिशवीची नाडी ओढत होती.

"कुठं निघालात?"

"तुम्ही स्पष्ट सांगेन म्हणाला होता."

"मग सांगू द्या." त्या चौकटीला खांदा लावून उभ्या राहिल्या, थकलेल्या होत्या. "हात गंजला तर घासता येतो. तुमचा गंज हातावर नाही. चेहरा फार चकचकीत आहे, तो आड येतो. गाडी सुटू दिली असती तर मी तुम्हाला आज संध्याकाळीच साताऱ्याला घालवलं असतं." मग म्हणाल्या, "महिना आजपासून धरते. मागचे दिवस धरणार नाही. आणि यापुढं नळी लावाल तेव्हा तोंड भिंतीकडे करायचं. पेशंटला तुमचं तोंड दिसता कामा नये. ऐकू येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. ऐकू आलं नाही तर तेच बोलायचं."

पुढचे काही दिवस प्रमोदिनी रोज सकाळ-संध्याकाळ हरणाबाईच्या खाटेशी बसे. आधी हात. मग नळी. मग मान वळवून भिंत. भिंतीला पिवळा चुना होता आणि एका ठिकाणी पोपडा निघून खालचा जुना निळा रंग उघडा पडला होता. पहिल्या दिवशी तिला काहीच ऐकू आले नाही, आणि ती तसे म्हणाली. साळूबाईने नाकातून आवाज काढला. दुसऱ्या दिवशीही नाही. साळूबाई म्हणाली, "डाक्टरीणबाईला यिऊ दी. हिला काय गावत न्हाई." तिसऱ्या दिवशी त्या निळ्या डागाकडे पाहता पाहता प्रमोदिनीने काही शोधायचेच सोडून दिले, आणि मग ते आले. फार दुरून, अनवाणी, कुणाचीही वाट न पाहता धावत. त्यात सूर नव्हता, श्रोता नव्हता. तिने ऐकलेच नसते तरी ते धावतच राहिले असते. तिला त्याचाच सर्वांत मोठा दिलासा वाटला.

"आहेत का?" हरणाबाईने विचारले.

प्रमोदिनीने हात वर करून तिला थांबवले. आणखी थोडा वेळ ऐकले. मग भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाली, "आहेत."

हरणाबाईच्या कळा एका सकाळी सुरू झाल्या आणि दुपारपर्यंत चढत गेल्या. मूल उलट्या बाजूने येत होते. डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात अडकले होते. प्रत्येक कळ ओसरली की त्या मान वर न करता म्हणत, "सांगा." प्रमोदिनी नळी लावी, भिंतीकडे वळे आणि सांगे. चांगले. चांगले. थोडे मंदावले, पुन्हा चांगले. खिडकीतून हळदीचा वास येत होता. साळूबाई उंबऱ्यात बसून यमाईच्या नावाचा जप पुटपुटत होती.

मग एका कळेनंतर प्रमोदिनी काही बोलली नाही.

"सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बाई, काय झालं?" हरणाबाईने मान उचलली. "बोला की."

चेहऱ्याने आपले जुने काम करायला सुरुवात केली होती. गालांचे स्नायू सैल होत होते. पण तो भिंतीकडे होता. तिथे त्याला घेणारे कुणी नव्हते. निळ्या पोपड्याने काही मागितले नाही.

"मंद झालेत," प्रमोदिनी म्हणाली. "फार मंद. परत चढत नाहीत."

हरणाबाईच्या तोंडून बारीक आवाज निघाला. डॉक्टरीणबाईंनी एकच शब्द उच्चारला, "आता," आणि त्यानंतर जे घडले ते घाईचे, रक्ताचे, दोघींच्या चार हातांचे होते. प्रमोदिनीने पोटावर दाब दिला, जिथे सांगितले तिथे, जितका सांगितला तितका. त्या हातांत कुठलीही लकब नव्हती. ते नुसते हात होते.

मूल निळसर निघाले. ते उलटे धरले गेले, पाठीवर चोळले गेले, आणि उंबऱ्यातला जप थांबला. मग ते रडले; बारीक, चिडलेले, कुणाच्याही सुरात नसलेले रडे.

साळूबाई उठून आत आली. तिने नातवाकडे पाहिले, सुनेकडे पाहिले, आणि मग प्रमोदिनीकडे. ती अजून खाटेशी भिंतीकडे तोंड करून उभी होती. नळी हातात, खांदे खाली.

"सिस्टरबाई," साळूबाई म्हणाली. "हिकडं बघा की आता. तोंड दावा."

प्रमोदिनी लगेच वळली नाही. या क्षणी आपल्या चेहऱ्यावर काय आहे ते तिला खरोखरच माहीत नव्हते. कुणी ते शिकवले नव्हते, कुठल्या अंकात ते आलेले नव्हते. तिने ते तसेच राहू दिले, आणि मग त्यांच्याकडे वळली.